जुनी पद्मिनी, लांबची सफर

मुकुंदवाडीत आमच्या दारात 1987 सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. लोक अजूनही तिला फियाटच म्हणतात. येणारा-जाणारा दोन प्रश्न विचारतोच, "चालते का?" आणि "विकायची आहे का?" ती चालते, आणि विकायची नाही. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, ती घेतली तेव्हा गाडीसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागत असे. अब्बा आता नाहीत. गाडी मात्र दिवाळीच्या सुट्टीत आम्हा पाच जणांना घेऊन हैदराबादला नणंदेकडे जाते आणि परत येते. हे कळले की तिसरा प्रश्न येतो, आणि खरा प्रश्न तोच आहे. "लेकरांना आणि म्हाताऱ्या अम्मींना घेऊन एवढ्या जुन्या गाडीत जाता, धाकधूक होत नाही?"

अशा गाड्या आपल्या कितीतरी घरांत आहेत. कुठे वालिदांची अँबेसेडर, कुठे मामूंची जीप, ताडपत्रीखाली झाकलेली. बाहेर काढायची म्हटले की कुणीतरी म्हणते, रस्त्यात बंद पडली तर? मग ती उभीच राहते, आणि उभ्या गाडीचे रबर, ब्रेक आणि पेट्रोलची टाकी हळूहळू खराब होत जाते. आमचा अनुभव असा की गाडीत काय बंद पडू शकते आणि पडले तर काय करायचे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असले की निम्मी धाकधूक घरीच राहते. उरलेली निम्मी मात्र राहू द्यावी. ती कशासाठी, ते पुढे येईल.

पद्मिनी तशी आपल्याच मुलखातली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर गाड्या तयार होऊ लागल्या. 1974 पासून त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्याने रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांची चिंता नव्हती. आता आमचे मिस्त्रीचाचा मुंबईला गेले की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर मारतात आणि मिळेल ते पिशवीत घालून आणतात. जुनी गाडी ठेवणाऱ्याने सुटे भाग गरज पडण्याआधी घ्यावेत. गरज पडल्यावर शोधायला गेले की मिळत नाहीत.

या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एक कार्बोरेटर, एक डेल्को. बंद पडली तर कारण बहुधा दोनपैकी एक असते. पेट्रोल पोहोचत नाही किंवा करंट पोहोचत नाही. मिस्त्रीचाचांनी हे आमच्या मोठ्या मुलीला ती नववीत असताना शिकवले. प्लग काढायचा, वायरीला लावून धातूला टेकवायचा, सेल्फ मारायचा, ठिणगी दिसते का बघायचे. मात्र त्याआधी जवळपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करायची. ठिणगी असेल तर पेट्रोलकडे वळायचे. नसेल तर डेल्कोची टोपी उघडून पॉइंट बघायचे. त्यांवर काजळी धरली असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करायची. डिकीत एक डबा असतो. त्यात पॉइंट, कंडेन्सर, चार प्लग, फॅन बेल्ट, फ्यूज, डेल्कोची टोपी, पाण्याचा होजपाइप, क्लॅम्प, तार, पक्कड आणि दोन पान्हे. एवढ्या सामानावर बहुतेक वेळा गाडी पुढच्या गावापर्यंत येते.

आपल्याला हे जमणार नाही असे वाटणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट सांगते. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला. ऑगस्ट 1888 मध्ये जर्मनीत बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्टझाइमला माहेरी निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पेट्रोल पंप हा प्रकारच नव्हता, म्हणून इंधन औषधाच्या दुकानातून घेतले. नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी ढकलले. बिघाड झाले, आणि तरी माहेर गाठले.

आता धोक्याच्या गोष्टी. पहिली, टायर. जुन्या गाडीचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी दहा वर्षांनीही नव्यासारखी दिसते. पण आतले रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात आणि वेगात तापले की फुटते. टायरच्या बाजूवर चार आकडी अंक कोरलेला असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 1519 म्हणजे 2019 सालचा पंधरावा आठवडा. आमच्याकडे सहा वर्षे झाली की टायर बदलतात, नक्षी कितीही चांगली असो. स्टेपनीचेही तेच वय मोजायचे. ती डिकीत पडून राहते म्हणून लक्षात राहत नाही.

दुसरी, पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. पद्मिनी बनली तेव्हा हे मिश्रण नव्हते आणि तिचे रबर त्यासाठी बनलेले नाही. इथेनॉलमुळे जुन्या नळ्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात, आणि ही नळी तापलेल्या इंजिनापासून वीतभर अंतरावर असते. पेट्रोल ठिबकले तर आग लागू शकते. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात, पंपाचा पडदा बदलून घ्यावा आणि दर सफरीआधी इंजिन चालू ठेवून हाताने नव्हे, डोळ्यांनी आणि नाकाने तपासावे. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीत तेच पेट्रोल राहू देऊ नये. आग विझवायची छोटी बाटली ड्रायव्हरच्या सीटजवळ हवी. ती डिकीत सामानाखाली ठेवण्यात काही अर्थ नाही.

तिसरी, ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ते चांगले असले तरी आजच्या गाडीइतक्या अंतरात थांबत नाहीत, आणि घाटात सतत दाबून तापले की पकड सोडतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचेच, कारण तेही पाणी शोषते. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे काही जुने ड्रायव्हर अजून आहेत. त्यांच्या शेजारी आम्ही आमच्या मुलांना बसवत नाही.

आणि उन्हाळा. मराठवाड्यातल्या दुपारी पेट्रोल पंपातच उकळते, त्याची वाफ होते आणि इंजिनला पेट्रोल मिळेनासे होते. एकदा मंठ्याच्या पुढे भर दुपारी गाडी धापा टाकून थांबली. मुलांच्या अब्बूंनी ओले फडके पंपावर टाकले, अम्मींनी थर्मासमधला चहा काढला, वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. यात दुरुस्ती काहीच नव्हती. पण हे माहीत नसते तर आम्ही टोचन शोधत बसलो असतो. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडायचे नाही. उकळते पाणी थेट तोंडावर येते. पाण्याचा काटा वर जाताना दिसला की बाजूला घ्यायचे आणि अर्धा तास थांबायचे, घाई कितीही असो.

म्हणून आम्ही फजरची नमाज झाली की निघतो. जालना उजाडता-उजाडता मागे पडते. मंठा, जिंतूर, औंढा, वसमत करत जोहरच्या सुमारास नांदेड जवळ आलेले असते. दर दीड तासाला थांबतो. अम्मींचे गुडघे मोकळे होतात, इंजिन विसावते, कुणीतरी खाली वाकून जमिनीवर तेलाचा थेंब पडला का ते बघते. रात्रीचा मुक्काम नांदेडला, हैदराबाद दुसऱ्या दिवशी. नवी गाडी हेच अंतर एका दिवसात कापते, पण आमचा वेग साठ-पासष्ट आणि अंधारात चालवायचे नाही हा नियम. जुने हेडलाइट आणि समोरून येणाऱ्या एलईडीचा झोत यांत रस्ता दिसतच नाही.

मुंबईला जाताना समृद्धी महामार्गाने का जात नाही, असेही विचारतात. सावंगीला चढले की झाले. रस्ता उत्तम आहे, पण तिथे मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे. तासन् तास एकाच वेगात तापलेल्या काँक्रीटवर टायरची परीक्षा होते आणि बंद पडले तर चालत जाऊन मिस्त्री आणावा असे गाव शेजारी नसते. मागून शंभरने येणाऱ्याला पासष्टचा वेग म्हणजे उभी गाडीच. आम्ही येवला-नाशिकचा जुना रस्ता धरतो. गर्दी असते, वेळ जातो, पण दर दहा-पंधरा किलोमीटरवर कुणीतरी पान्हा हातात धरलेला माणूस भेटतो.

लांब जाण्याआधी जवळ जावे. आमची चाचणी ठरलेली आहे. आधी दौलताबादचा घाट चढून खुलताबाद. काटा वर गेला नाही तर पुढच्या आठवड्यात अजिंठा, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. त्यात काही खटकले नाही तरच हैदराबाद. चाचणी आणि सफर यांच्यामध्ये गाडीचे काही उघडायचे नाही. आदल्या रात्री "जरा कार्बोरेटर ट्यून करून घेऊ" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

एक वही आहे. अब्बांनी सुरू केली, उर्दूत. मी तीच पुढे मराठीत चालवते. किलोमीटर, पेट्रोल, तेल किती घातले, नवीन आवाज कुठला. लिटरमागे किती गेली हे धाकटा मुलगा काढतो. त्याचे गणित त्यातच पक्के झाले. एरवी बारा-तेराच्या आसपास असणारा आकडा एकदा दहावर आला तेव्हा गाडी चालायला अगदी ठीक वाटत होती. मिस्त्रीचाचांनी चाक उचलून फिरवले, तर मागचा ब्रेक चिकटत होता. ती नोंद नसती तर ते कळायला घाट लागला असता.

सुरुवातीला म्हटले होते की निम्मी धाकधूक राहू द्यावी. ती यासाठी. जुन्या गाडीत एअरबॅग नाही, डोक्यामागे टेका नाही, आमच्या गाडीत मुळात पट्टेही नव्हते. पुढे-मागे पट्टे बसवून घेतले, तेही पत्र्यात नुसता बोल्ट मारून नाही, मागे जाड पट्टी वेल्ड करून. पाच जागा, पाच माणसे. "लहान आहे, मांडीवर बसेल" हे आमच्याकडे चालत नाही. यावरून एका लग्नाच्या वेळी नातेवाईक रुसलेही. गाडीवर प्रेम असणाऱ्यांनी हे मान्य केले पाहिजे की अपघातात ती नव्या गाडीइतकी वाचवत नाही. म्हणून वेग कमी, दिवसाचा प्रवास आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर.

कागदपत्रांत एक फसगत होण्यासारखी जागा आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, वेगळी नंबरप्लेट मिळते. ऐकायला शान वाटते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशाच कारणांसाठी. ज्यांना नातेवाइकांकडे जायचे आहे त्यांनी नेहमीच्याच नोंदणीत राहावे. ती पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून वाढवावी लागते. आमची पुढची पाळी 2027 ला आहे. वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी हे शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये दहा हजार रुपये केले गेले. विम्यात इतक्या जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते, म्हणून फोटो आणि खर्चाच्या पावत्या दाखवून ती लिहून घ्यावी. नाहीतर भंगाराच्या भावाने लिहितात.

2023 मध्ये अहमदाबादचे एक कुटुंब 1950 सालची एमजी गाडी घेऊन थेट लंडनला गेले. आजोबा, मुलगा, नात. गाडीचे नाव 'लाल परी'. आमच्या धाकट्याला आधी ती एसटीच वाटली. त्याला आता इस्तंबूलला जायचे आहे. मी त्याला सांगितले, आधी वहीचे शेवटचे पान पूर्ण कर. त्या पानावर वाटेतल्या मिस्त्रींचे नंबर आहेत. जालना, जिंतूर, वसमत, नांदेडचे दोन, निजामाबाद. कामारेड्डीपुढची ओळ अजून रिकामी आहे.