बहिणीसाठी फुटबॉलपटू झालेला दिएगो फोर्लान

१९ नोव्हेंबर २०१६. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. मुंबईने सामना ५-० असा जिंकला आणि त्यातले तीन गोल एकट्याने केले ३७ वर्षांच्या एका खेळाडूने. सोनेरी केसांचा तो खेळाडू होता उरुग्वेचा दिएगो फोर्लान. वर्ल्डकपमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस आपल्या मुंबईकडून खेळत होता!

तुम्ही फुटबॉल बघत नसाल, तरी त्याची गोष्ट नक्की वाचा. कारण ती एका कुटुंबाची गोष्ट आहे.

घरातच फुटबॉल, पण आवड टेनिसची

दिएगोचा जन्म १९७९ चा, मॉन्टेव्हिडिओ शहरातला. वडील पाब्लो दोन वर्ल्डकप खेळलेले, तर आईचे वडील उरुग्वेच्या संघाचे प्रशिक्षक. छोटा दिएगो मात्र टेनिसही तितकंच छान खेळायचा.

तो १२ वर्षांचा असताना, १९९१ मध्ये, त्याची मोठी बहीण आलेहांद्रा हिच्या गाडीला भीषण अपघात झाला. तिचा मित्र त्यात गेला. ती वाचली, पण कायमची व्हीलचेअरवर आली. उपचारांचा खर्च प्रचंड होता. फुटबॉलमध्ये मोठं व्हायचं आणि बहिणीला चांगल्यात चांगले उपचार द्यायचे, असं त्या मुलाने मनाशी ठरवलं.

आठ महिने एकही गोल नाही

अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंते क्लबकडून खेळताना त्याचं नाव झालं आणि जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला इंग्लंडला नेलं. पण तिथे गोलच होईना! एक, दोन, चार... तब्बल आठ महिने गेले. विरोधी प्रेक्षक टिंगल करू लागले. अखेर सप्टेंबरमध्ये मक्काबी हैफाविरुद्ध पेनल्टीवर त्याचा पहिला गोल झाला. त्याच डिसेंबरमध्ये त्याने लिव्हरपूलच्या मैदानावर दोन गोल मारून सामना जिंकून दिला.

२००४ मध्ये तो स्पेनच्या व्हियारेआलकडे गेला आणि खरा फोर्लान जगाला दिसला. पहिल्याच मोसमात लीगमध्ये २५ गोल! युरोपचा 'गोल्डन शू' त्याने थिएरी हेन्रीसोबत विभागून मिळवला. पुढे अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून २००८-०९ मध्ये ३२ गोल करून तो पुन्हा जिंकला. २०१० च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात फुलहॅमविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच होते. दुसरा तर जादा वेळेत, ११६ व्या मिनिटाला.

जाबुलानीशी मैत्री

२०१० चा दक्षिण आफ्रिकेतला वर्ल्डकप आठवतो? 'जाबुलानी' चेंडू हवेत कसाही वळतो, अशी अनेकांची तक्रार होती. फोर्लानने मात्र त्याच चेंडूने दुरून गोल मारले. पाच गोल करून त्याने उरुग्वेला चौथ्या स्थानापर्यंत नेलं आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'गोल्डन बॉल' पटकावला.

पुढच्या वर्षी कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात त्याने पॅराग्वेविरुद्ध दोन गोल केले. आजोबा आणि वडिलांनीही ही स्पर्धा जिंकली होती. एकाच घराच्या तीन पिढ्या!

मुंबईचे दिवस

२०१६ च्या त्या मोसमात मुंबई सिटी साखळीत पहिली आली आणि प्रथमच इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचली. तिथे कोलकात्याच्या पहिल्या सामन्यात फोर्लानला लाल कार्ड मिळालं. घरच्या मैदानावरचा परतीचा सामना त्याला खेळता आला नाही आणि मुंबईचं स्वप्न तिथेच थांबलं. मोठ्या खेळाडूचेही सगळे दिवस सारखे नसतात.

२०१९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. आणि बालपणीचं टेनिस? २०२४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो मॉन्टेव्हिडिओमधल्या व्यावसायिक स्पर्धेत दुहेरीचा सामना खेळला. हरला, पण खेळला!

आलेहांद्रा आज काय करते? तिच्या नावाची संस्था रस्ते अपघात टाळण्यासाठी काम करते. म्हणून भिलाई असो, नागपूर असो की मुंबई, आज घराबाहेर पडताना हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा. आणि घरातल्या एखाद्या मुलाचा 'पहिला गोल' अजून व्हायचा असेल, तर त्याला फोर्लानचे ते आठ महिने जरूर सांगा.