‘किनोआ’च्या निमित्ताने : गहू वर्ज्य असलेल्या रुग्णासाठी वरईचे सॅलड

अलीकडे चिकित्सालयात येणारा रुग्ण वैद्याकडून पथ्य समजून घेण्यापूर्वीच स्वतःची एक यादी घेऊन येतो. त्या यादीत ‘ग्लुटेनमुक्त किनोआ सॅलड’ हे नाव आता हमखास आढळते. ज्याला वजन उतरवायचे आहे त्याने ते खावे किंवा न खावे; त्याने फारसे बिघडत नाही. परंतु ज्याच्या आतड्याला गव्हाचा कणही सोसत नाही, अशा सीलिअ‍ॅक व्याधीच्या रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न रुचीचा वा फॅशनचा राहत नाही. तेथे पथ्य हीच चिकित्सा असते, आणि ती आयुष्यभराची असते.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते स्वतःच्या एका चुकीमुळे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला नाशिकला चिकित्सेसाठी आणले. वारंवार द्रवमलप्रवृत्ती, आध्मान, पांडुता, खुंटलेली वाढ अशी लक्षणे होती. ग्रहणीदुष्टी समजून दीपन-पाचन औषधे व तक्र दिले, पांडुतेसाठी मंडूर दिले, आणि पथ्य म्हणून जुन्या गव्हाचे फुलके व सातूचे पीठ सुचविले. तीन महिने झाले तरी रक्त वाढेना, वजन हलेना. पुढे एका रुग्णालयात तपासणी होऊन सीलिअ‍ॅकचे निदान झाले. म्हणजे एकीकडे आम्ही अग्नी प्रदीप्त करू पाहत होतो आणि दुसरीकडे त्याच हाताने रोज व्याधिहेतूचे सेवन करवीत होतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र पाठ असूनही निदान कोणते हेच हुकले होते.

निदान झाल्यावर मुलीचे वडील आहाराचा एक छापील कागद घेऊन पुन्हा आले. गव्हाऐवजी काय खावे, या सदरात पहिलेच नाव होते किनोआ. “हे कुठं मिळतं?” असे त्यांनी विचारले. मिळत होते ते मोठ्या दुकानात, आणि त्यांच्या दिवसाच्या मजुरीच्या मानाने भलत्याच भावाने. त्यांच्या पायाशी एक पिशवी होती. तीत काय आहे असे विचारता ते म्हणाले, “वरई आहे, घरचीच. बाजारात द्यायला आणली.”

किनोआविषयी आकस बाळगण्याचे कारण नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत, बोलिव्हिया व पेरूच्या पठारांवर हजारो वर्षे पिकविले जाणारे हे बीज आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने 2013 हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय किनोआ वर्ष’ म्हणून पाळले आणि त्यानंतर आपल्याकडील शहरांतही त्याचा बोलबाला झाला. वनस्पतिशास्त्रानुसार ते तृणधान्य नाही. आपल्या चाकवताच्याच प्रजातीतील ती वनस्पती आहे. चाकवत म्हणजे आपला वास्तुक. मात्र चरकाचार्यांनी वास्तुकाला त्रिदोषघ्न व भिन्नवर्चस म्हटले आहे ते शाकवर्गात, पानांच्या संदर्भात. ते गुण किनोआच्या बीजाला परस्पर चिकटविणे शास्त्राला धरून होणार नाही. हे बीज आपल्या संहितांत किंवा जुन्या निघंटूंत असण्याचा प्रश्नच नाही. अर्थात त्याच खंडातून आलेली मिरची, बटाटा आणि भुईमूग आपण उपवासालाही चालवून घेतले आहेत. तेव्हा परदेशी म्हणून अपथ्य, असा न्याय येथे लावता येत नाही. प्रश्न उपलब्धतेचा आणि सातत्याचा आहे. जे पथ्य जन्मभर पाळायचे ते रुग्णाच्या शेतात, निदान त्याच्या बाजारात तरी असले पाहिजे.

नाशिक जिल्ह्यात ते आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील डोंगरउतारांवर खरिपात नागलीबरोबर वरई घेतली जाते, आणि तिचे टरफल काढून भगर करणाऱ्या गिरण्या नाशिक शहर व परिसरात मोठ्या संख्येने आहेत. येथील भगर देशभर जाते. वरई, वरी, वऱ्याचे तांदूळ, भगर, मोरधन अशी अनेक नावे असल्याने आणि बाजारात ‘भगर’ या नावाखाली सावा किंवा त्यासारखे दुसरे बारीक धान्यही विकले जात असल्याने द्रव्यनिश्चितीचा थोडा घोळ होतो. ग्लुटेनच्या दृष्टीने मात्र चिंता नाही. ही सर्व क्षुद्रधान्ये स्वभावतः ग्लुटेनरहित आहेत.

गुणांविषयी संहिता पाहता एक मनोरंजक मतभेद दिसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात श्यामाक हा कषाय-मधुर, लघु, शीत, वातल, कफपित्तघ्न, संग्राही व शोषण सांगितला आहे आणि पुढे नीवार, प्रियंगू इत्यादींच्या मालिकेत ‘वरक’ हे नाव घेऊन ही धान्ये गुणांनी श्यामाकासारखी आहेत असे म्हटले आहे. वरक म्हणजेच वरई, असे अनेक अभ्यासक मानतात. सुश्रुताचार्य मात्र कुधान्यवर्गाला सामान्यतः उष्ण, कटुविपाकी व वातपित्तप्रकोपक म्हणतात आणि नंतर कोद्रव, नीवार, श्यामाक व शान्तनु यांना शीत व पित्तहर म्हणून वेगळे काढतात. त्या अपवादात वरक नाही. मग वरई शीत मानावी की उष्ण? प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा की, अम्लपित्ताच्या रुग्णाला नुसती कोरडी भगर व तिखट आमटी दिली तर त्रास होतो, आणि तीच भगर तूप घालून दिली तर होत नाही. वीर्याचा वाद बाजूला ठेवला तरी रूक्षता, कफघ्नता व मल बांधण्याचा गुण यांवर दोन्ही आचार्यांचे एकमत आहे. म्हणून संस्कार योजताना स्निग्धता प्रथम पाहावी.

पोषणाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम वरईत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने असतात, किनोआत सुमारे 13. राजगिऱ्यातही जवळपास किनोआइतकीच असतात. पांढरीशुभ्र पॉलिश केलेली भगर सत्त्वाने आणखी उणी पडते. म्हणजे वरई ही किनोआची तंतोतंत प्रतिकृती नव्हे. परंतु तिच्याबरोबर मूग व शेंगदाणे घातले की ही उणीव सहज भरून निघते.

आता कृती. सॅलड म्हटले की कच्च्या भाज्यांचा ढीग डोळ्यांसमोर येतो. नुकतेच निदान झालेल्या रुग्णाचे आतडे व्रणित असते, अग्नी मंद असतो. त्याला कच्चे, खर व थंड अन्न देणे उचित नाही. म्हणून येथे भाज्या वाफवून घ्याव्यात आणि सॅलड कोमट असतानाच खावे. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत हा वाफवलेल्या कोशिंबिरीचा आणि मोकळ्या भगरीचा संयोग आहे.

चौघांसाठी एक वाटी भगर पुरते. शक्यतो कमी पॉलिशची, किंचित पिवळसर घ्यावी. ती निवडून तीन पाण्यांनी धुवावी, निथळावी आणि जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तुपावर मंद आचेवर दाणा सुटा होऊन खमंग वास येईपर्यंत परतावी. भाजलेल्या तांदळाचा भात कफविकारात इष्ट मानला आहे. तोच संस्कार येथे उपयोगी पडतो. मग दोन वाट्या उकळते पाणी व सैंधव घालून झाकण ठेवावे. आठ-दहा मिनिटांत पाणी आटते. आच बंद करून आणखी दहा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि नंतर परातीत पसरून हलक्या हाताने मोकळे करावे. उपवासाला करतो तशी तिप्पट पाण्याची मऊ भगर येथे चालत नाही. तिचा गोळा होतो.

दुसरीकडे अर्धी वाटी मोड आलेले मूग आणि गाजर, दुधी व फरसबी यांचे बारीक तुकडे वाफवून घ्यावेत. तेलात किंवा तुपात जिरे, कढीपत्ता व किसलेले आले यांची फोडणी करून ती भगर आणि भाज्यांवर ओतावी. वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचे भरड कूट, मिरपूड, कोथिंबीर व लिंबाचा रस घालावा. सटाणा-मालेगाव भागातील डाळिंब बाजारात असेल तेव्हा मूठभर दाणे अवश्य घालावेत. दाडिम दीपन, ग्राही व हृद्य आहे. शिवाय अकरा वर्षांच्या मुलीला ताटाकडे वळविण्याचे काम त्याचा रंगच करतो. अग्नी सुधारल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी, काकडी आणि थोडा कच्चा कांदा घालण्यास हरकत नाही. हे अन्न दुपारी, ताजेच खावे. शिळे करून दुसऱ्या दिवशी डब्यात देऊ नये. सोबत आल्याचे ताजे ताक असावे. निदानानंतर सुरुवातीच्या काळात अनेक रुग्णांना दूध पचत नाही, पण ताक सोसते.

फोडणीत हिंग लिहिला नाही, ही नजरचूक नव्हे. बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. गहू असा अनपेक्षित ठिकाणी दडलेला असतो आणि त्यामुळे पोळी सोडूनही अनेकांची लक्षणे जात नाहीत. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. सातूच्या पिठात गहू वा जव असतो, आणि जवातही तेच दोष देणारे प्रथिन आहे. खपली गहू ग्लुटेनरहित असतो, हा समज तर सुशिक्षितांतही फार पसरला आहे. तो चुकीचा आहे. खपली हा गहूच आहे.

वैद्यांनी स्वतःच्या औषधपेटीकडेही या दृष्टीने पाहावे. गव्हांकुराचा रस, यवाची पेज, यवमंड हे अशा रुग्णाला सांगू नयेत. वटी बांधण्यासाठी कोणते पीठ वापरले आहे, हे निर्मात्याला विचारावे. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिण्यासाठी पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. ही मर्यादा किती बारीक आहे हे ध्यानात घेतले की पिठाच्या गिरणीचा प्रश्न समोर येतो. आधी गहू दळलेल्या जात्यातून निघालेले भगरीचे किंवा नागलीचे पीठ या रुग्णाला अपथ्यच ठरते.

हे समजावताना शब्द कमी पडतात, असा अनुभव होता. ‘संसर्ग’ म्हटले की लोकांना जंतू वाटतात. त्या मुलीच्या आजीला मात्र एकाच वाक्यात उमगले. “आजी, हिचा रोजच उपवास आहे असं समजा,” असे म्हणताच त्या उत्तरल्या, “मग हिचं दळण आधी, आणि हिची परात, हिचा पोळपाट वेगळा.” उपवासाचे दळण गव्हावर न टाकण्याची, उपवासाचा डबा व चमचा निराळा ठेवण्याची शिस्त आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, शेंगदाणा हे फराळाचे सारे पदार्थ मुळात ग्लुटेनरहित आहेत. मात्र राजगिऱ्याचे वा शिंगाड्याचे तयार पीठ कोठे दळले याची खात्री करून घ्यावी लागते.

भगरीबाबत आणखी एक दक्षता. ओल लागलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचे विष शिजविल्यानेही सर्वस्वी नष्ट होईलच असे नाही. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. सुटी भगर व फार दिवस दळून ठेवलेले भगरीचे पीठ टाळावे. बंद पाकिटातील, मुदतीतील भगर घेऊन कोरड्या डब्यात ठेवावी आणि लवकर संपवावी. उघड्या पोत्यातून रव्याच्याच मापाने काढून दिलेली भगर तर आपल्या रुग्णाला दोन्ही कारणांनी नको.

शेवटी निदानाविषयी वैद्यबंधू-भगिनींना एक आग्रहाची विनंती. उत्तर भारतात या व्याधीचे प्रमाण सुमारे शंभरात एक इतके आढळले आहे. दक्षिणेकडे ते बरेच कमी असले तरी आपल्या भागात अशा रुग्णांचा विचारच न करण्याइतके ते नगण्य नाही. दीर्घकालीन ग्रहणी, लोहकल्पांना दाद न देणारी पांडुता, वाढ खुंटलेले मूल अशा ठिकाणी संशय घ्यावा. मात्र संशय येताच गहू बंद करू नये. रक्तातील टीटीजी प्रतिद्रव्यांची तपासणी व आवश्यक तेव्हा आतड्याची बायोप्सी ही रुग्ण गहू खात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला तर तपासणी खोटा दिलासा देते आणि पुढे निदान अवघड होते. ज्याला हा व्याधी नाही त्याच्या ताटातून पोळी काढून घेण्याचेही कारण नाही.

त्या मुलीचे वजन पहिल्या वर्षात सहा किलोंनी वाढले. वडिलांनी पुढच्या हंगामापासून वरईची दोन पोती घरासाठी राखून मगच उरलेली बाजारात आणण्यास सुरुवात केली.