घरच्या नाट्यगृहाची पेटी

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास यावा, अर्थकारण यावे, फार तर आरोग्य यावे. तेथे पत्र्याच्या एका पेटीबद्दल बोलायचे म्हणजे थोडे धारिष्टच आहे. परंतु १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीत आणि आमच्या साताऱ्यातही आज पुष्कळसे नाटक व बराचसा सिनेमा घरीच पाहिला जातो. दिवाणखान्यात मोठा पडदा, दोन्ही बाजूंना स्पीकर आणि खालच्या कप्प्यात संगणक, अशी मांडणी आपल्यापैकी अनेकांकडे असेल. या संगणकाचे यंत्र ज्या पेटीत बसवतात तिला दुकानदार ‘कॅबिनेट’ म्हणतात. ते कसे घ्यावे, आणि त्यातही ज्याच्या खणांतून हार्ड डिस्क हाताने बाहेर ओढता येते असे का घ्यावे, हा आमचा विषय.

मुळात डिस्क बाहेर काढायची कशाला? हा प्रश्न आम्हीही एके काळी विचारला होता. उत्तर ऑगस्ट २०१९ मध्ये मिळाले.

सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा देतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर चढले. आमची थोरली बहीण गावभागात राहते. भावोजींनी निवृत्तीनंतर वर्षभर खपून घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकात उतरवल्या होत्या. त्यांत मुंजी होत्या, लग्ने होती, आणि जात्यावरच्या ओव्या म्हणताना आमच्या आईचा आवाज होता. कॅसेटींना बुरशी धरलेली, म्हणून त्या नंतर टाकूनही दिल्या. पाणी अंगणात आले तेव्हा धान्य माळ्यावर गेले, घराची कागदपत्रे पिशवीत गेली. संगणक मात्र टीव्हीखालच्या कप्प्यात, दहा तारांत गुंतलेला. डिस्क आत चार स्क्रूंनी आवळलेली. वीज गेलेली, आणि मेणबत्तीच्या उजेडात पेचकस काही सापडेना. शेवटी ‘माणसे आधी’ म्हणत सगळे बोटीत बसले, आणि ते योग्यच झाले.

पाणी ओसरल्यावर कोणी तरी ती डिस्क पुसून, उन्हात वाळवून, वीज जोडून पाहिली. हे कधीही करू नये. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी एक बारीक छिद्र असते. बुडाल्यावर त्यातून गढूळ पाणी आतल्या आरशासारख्या तबकड्यांवर जाते. तबकडी फिरू लागली की तो गाळच तिला खरवडतो. भिजलेली डिस्क आहे तशी जाणकाराकडे द्यावी, म्हणजे थोडी तरी आशा राहते.

तेव्हा कॅबिनेट पाहताना आमची पहिली कसोटी ही: घरातल्या वडील माणसाला अंधारात, पेचकसाशिवाय, एका हाताने डिस्क काढता येईल काय? दुकानातच डोळे मिटून खण ओढून पाहावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे. खणाची खिट्टी नाजूक प्लॅस्टिकची असेल तर ते कॅबिनेट सोडून द्यावे. कुलपाचा खण असेल तर किल्ली कोठे ठेवणार, याचा विचार आधी करावा. काही खणांत डिस्क नुसती सरकवायची असते, काहींत ती आधी एका तबकात बसवावी लागते. आम्हांला पहिला प्रकार सोपा वाटतो. मात्र त्यात डिस्कची थरथर पत्र्याला अधिक लागते आणि रात्री नाटकातल्या शांत प्रसंगी घरघर ऐकू येते. तबकाला रबराच्या चकत्या लावलेल्या असतात, त्या ही घरघर खातात.

खण किती हवेत? येथे लोक उगीच हौस करतात. हिशेब सोपा आहे. लहान डिजिटल कॅमेऱ्याच्या कॅसेटीतले एक तासाचे चित्रण जसेच्या तसे उतरवले तर सुमारे १३ जीबी जागा घेते. म्हणजे १०० तासांना १,३०० जीबी. दोन टीबीच्या एका डिस्कमध्ये सगळे घराणे मावते! सहा खणांचे धूड कपाटात कोंबण्याचे कारण नाही. दोन खण पुरेत.

अडचण अशी की, आजची बहुतेक कॅबिनेटे उभी, काचेची आणि रंगीत दिव्यांची असतात. ती खेळ खेळणाऱ्या तरुणांसाठी बनतात. पूर्वी सीडी-डीव्हीडीसाठी पुढे जो सव्वापाच इंची खण असे, तो त्यांच्यातून नाहीसा झाला आहे. आपल्याला तोच हवा. त्यात ‘मोबाइल रॅक’ नावाचे छोटे कपाट बसते आणि साडेतीन इंची डिस्क त्यातून आतबाहेर करता येते. म्हणून असे दोन खण असलेले आडवे, जुन्या धर्तीचे कॅबिनेट मिळाले तर ते नव्या काचमहालापेक्षा बरे. घेण्यापूर्वी टीव्हीच्या कप्प्याची खोली मोजावी आणि मागे तारांसाठी चार बोटे अधिक सोडावीत. आत मायक्रो-एटीएक्स बोर्ड, म्हणजे २४४ मिलिमीटर चौरस, आणि बाजारात सर्रास मिळणारा एसएमपीएस बसतो ना, तेही विचारून घ्यावे. विशेष मापाचा एसएमपीएस जळाला तर दुसरा मिळेपर्यंत नाटक बंद.

उष्णतेचा प्रश्न सांगलीकरांस अधिक. उन्हाळ्यात बाहेर पारा ४० अंशांकडे जातो, आणि बहुतेक घरगुती डिस्कना ६० अंश ही कमाल मर्यादा. बंद कप्प्यात मधले अंतर लवकर सरते. कप्प्याची पाठ कापून मोकळी करावी. पंखा मोठा व सावकाश फिरणारा असावा. १२० मिलिमीटरचा पंखा वारा देतो, रॅकमधला ४० मिलिमीटरचा चिमुकला पंखा बहुधा किंचाळतो.

साताऱ्यात पुराची भीती आमच्या पेठांना नाही, पण पावसाळ्याचे चार महिने जुन्या वाड्यांच्या भिंती ओल सोडतात. तेथे पेटी भिंतीला टेकवू नये आणि जमिनीपासून उंच ठेवावी, एवढे सांगून पुढे जातो.

खरा फायदा याहून साधा आहे. रोज पाहण्याचे सिनेमे आतल्या, आवाज न करणाऱ्या एसएसडीवर ठेवावेत. घरची ठेव खणातल्या डिस्कवर, आणि त्या खणाला स्वतंत्र बटण असेल तर ती एरवी बंदच राहते. तापत नाही, घरघरत नाही. चालू संगणकातून ती काढायची असेल तर आधी संगणकाला तसे सांगावे आणि तबकड्या थांबायला अर्धा मिनिट द्यावा. वीजच गेली असेल तर सरळ ओढावी.

बाहेरून तारेने जोडायची छोटी डिस्क का नको, असे कोणी म्हणेल. चालेल की! ज्यांच्याकडे संगणक आधीच आहे त्यांनी नवे कॅबिनेट घेऊच नये, तीच घ्यावी. ती टेबलावरून पडते, एवढी तिची खोड.

दुसऱ्या खणाचा उपयोग मात्र विसरू नये. त्यात दुसरी डिस्क घालून पहिलीची नक्कल उतरवावी आणि ती नक्कल घरात ठेवू नये. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळून सांगलीकडे जाते, साताऱ्याकडे परत येत नाही. ताईंच्या नव्या डिस्कची नक्कल आता आमच्या साताऱ्याच्या कपाटात आहे. आमची त्यांच्याकडे आहे, पण माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात. दिवाळीत भावोजी एसटीने येतात तेव्हा फराळाच्या पिशवीत स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक डिस्क असते. जाताना दुसरी असते. ओव्या तेवढ्या त्यांत नाहीत.