आत्म्याचे फळ, लेखांक ८ : सौम्यता कोणाकडून मागायची?

गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल नऊ गुण सांगतो. गेल्या आठवड्यात सातवा, विश्वासूपणा, झाला. आज आठवा : सौम्यता.

या गुणाची पंचाईत अशी की तो बहुतेक वेळा नको त्या माणसाला शिकवला जातो. सुनेला सांगतात, सासूला सांगत नाहीत. ज्वारी काढायला आलेल्या बाईला ‘जरा नमतं घे’ म्हणतात, मजुरी अडवून बसलेल्या मालकाला कोणी काही म्हणत नाही. असा उपदेश ऐकत वाढलेल्या माणसाला ख्रिस्ताचे ‘सौम्य ते धन्य’ हेही त्याच चालीचे वाटले, तर दोष त्याचा नाही.

मंगळवेढ्यात बसून हे लिहिताना संत चोखोबा आठवतातच. इथल्या गावकुसाच्या कामावर राबत असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या अशी परंपरा आहे. विठ्ठलाच्या ज्या देवळात जातीमुळे जिवंतपणी पाऊल टाकता आले नाही, त्याच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे. चोखोबा किती नम्र, किती सोशिक, असे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी चोखोबांचे अभंग नीट वाचलेले नसावेत. त्यांत तक्रार आहे, आणि ती थेट विठ्ठलाच्या दारात मांडलेली आहे. शिवाय ज्याला तोंड उघडायचीच मुभा नाही, त्याच्या गप्प बसण्याला सद्गुण म्हणायचे कशाला?

मंगळवेढ्याच्याच दामाजीपंतांची गोष्ट वेगळी. धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती. दुष्काळात दारे बंद ठेवली असती तर बीदरच्या दरबारात त्यांना कोणी बोल लावला नसता. दारात आलेल्या भुकेल्यांपुढे हा अधिकारी मऊ झाला, अशी त्यांची कथा आहे. हात उगारता येत असताना, अडवता येत असताना, तो हात आवरणे म्हणजे सौम्यता. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याकडे ती मागणे म्हणजे त्याची थट्टा.

बायबलमधले दाखलेही असेच आहेत. गणना या पुस्तकात मोशेला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत नम्र म्हटले आहे; हाच मोशे फारोसमोर उभा राहिला होता. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात तर दोन्ही गोष्टी लागोपाठ येतात. येशू सौम्यपणे गाढवावर बसून यरुशलेमात शिरतो आणि पुढच्याच प्रसंगात मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथे करतो. त्यानंतर काय होते, ते मात्र प्रवचनांत सहसा सुटते. आंधळे आणि पांगळे त्याच मंदिरात त्याच्याजवळ येतात आणि तो त्यांना बरे करतो. सराफ ज्याच्यासमोरून हटले, त्याची या लोकांना भीती वाटली नाही.

आता पंढरपूरशी जोडलेली एक गोष्ट; मंगळवेढ्याहून ते पंचवीसेक किलोमीटरवर. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोची संमती न घेता. यात सौम्यता कुठेच नव्हती आणि ती शोधायचा खटाटोप मी करणार नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, त्यांतला काही काळ पंढरपुरात. ताटातूट चार-पाच वर्षे चालली.

त्या काळी नवऱ्याच्या हाती केवढा हक्क होता, हे नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्यात नुकतेच दिसले होते. १८८७ साली न्यायालयाने त्यांना सांगितले होते, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. टिळक तापट आणि उतावळे. घरात आलेला पैसा कोणाला देऊन मोकळे होतील याचा नेम नसे. अशा माणसाने बायकोला खेचून आणले नाही. ती नगरला आली तेव्हाही तिचे सोवळे, तिची वेगळी चूल, तिचे वेगळे पाणी त्यांनी चालू दिले. जातीचा विटाळ तिच्या मनातून गेला तो तिच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांच्या रागाची प्रकरणे खदखदून हसवतात. मला त्यांच्या कवितेइतकेच हे न ओढणे मोठे वाटते.

पंडिता रमाबाईंच्या सौम्यतेला धार होती. सोलापूरहून पुण्याला जाताना लागणाऱ्या केडगावात त्यांचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, भेदरलेल्या मुलींना त्या घेऊन आल्या आणि त्यांना सांभाळले. त्याच १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या इस्पितळात बायकांना कसे वागवले जाते, यावर त्यांनी वृत्तपत्रात असे खरमरीत पत्र लिहिले की मुंबईच्या गव्हर्नरला खुलासा करावा लागला. मुलींशी मऊ आणि सरकारशी कडक, हे त्यांच्या बाबतीत एकाच मनाचे काम होते.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. तालुक्याच्या कचेरीत वरच्याला ‘साहेब, साहेब’ आणि सातबाऱ्यासाठी ताटकळलेल्या म्हाताऱ्याला ‘ए, थांब तिकडं’. साहेबांसमोरच्या त्या गोड आवाजाला सौम्यता म्हणू नये.

पौल यादी संपवून पुढच्या अध्यायाला हात घालतो तो याच मुद्द्यावर : कोणी चुकताना सापडला तर त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, आणि स्वतःवरही नजर ठेवा. म्हणजे सांगणे आहे ते चूक दाखवणाऱ्याला. गृहपाठ न केलेल्या पोरासमोर उभे असलेले मास्तर, बचत गटाचा हप्ता चुकलेल्या बाईच्या दारात गेलेल्या अध्यक्षबाई, मंडळीतल्या एखाद्याच्या घरची भानगड कळलेले पाळक. या तिघांचेही म्हणणे बरोबर असते, आणि बरोबर असलेल्या माणसाचा आवाज फार लवकर चढतो. हप्ता मागायचाच आहे. तो शेजाऱ्यांच्या कानावर घालत मागायचा की ओसरीवर बसून, एवढे अध्यक्षबाईंच्या हातात असते. बाईने दिवस ठरवून द्यायचा, ही अटही तिथेच घालता येते. मास्तरांचेही तसेच. गृहपाठ का झाला नाही हे वर्ग सुटल्यावर विचारले, तर पोरगा खरे कारण सांगण्याची शक्यता जास्त.

पुढच्या आठवड्यात नववा गुण, संयम. त्या लेखात टिळकांची साक्ष काढण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाईंनाच बोलवावे लागेल.