टोमॅटोची दोन हत्यारे

नागपूरच्या आसपास टोमॅटो लावणाऱ्यांना दोन शत्रू चांगले ठाऊक असतात. एक म्हणजे पाने आकसवणारा बोकड्या. हा विषाणुरोग पांढरी माशी पसरवते. दुसरा शत्रू म्हणजे फळ पोखरणारी अळी. हीच कापसावर बोंडअळी आणि हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून विदर्भभर परिचयाची आहे. "झाडाची प्रतिकारशक्ती वाढवणारे काही फवारता येईल का?" असे आम्हाला शेतकरी नेहमी विचारतात.

प्रतिकारशक्ती झाडात असतेच. टोमॅटोचे एक पान किड्याने कुरतडले की न कुरतडलेल्या पानांतही प्रथिनांचे पचन रोखणारे पदार्थ साठू लागतात, हे अमेरिकेतील ग्रीन व रायन यांनी १९७२ साली दाखवले. हा निरोप पोचवण्यात जास्मॉनिक आम्लाचा मोठा वाटा असतो. अळी पाने खाते, पण तिला प्रथिने पचत नाहीत आणि तिची वाढ खुंटते.

विषाणूंविरुद्ध मात्र मुख्यतः दुसरा निरोप्या धावतो. तो म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. आपल्या घरातली ॲस्पिरिन याच आम्लापासून बनते. १९७९ साली इंग्लंडमध्ये व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचली, तेव्हा मोझॅक विषाणूचे डाग बरेच कमी पडले.

मग टोमॅटोलाही ॲस्पिरिन द्यावी का? गोम इथेच आहे. १९८८ साली इंग्लंडमधील संशोधकांना आढळले, की ॲस्पिरिन दिलेल्या टोमॅटोच्या रोपांत जखमेनंतरची ही पचनरोधके तयार होण्यात अडथळा येतो. म्हणजे एक हत्यार परजावे तर दुसरे बोथट होते!

शिवाय शत्रूही स्वस्थ बसत नाही. हरभऱ्याची पचनरोधके घाटेअळीच्या आतड्यातील विकरे मोडून टाकतात, असे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांना १९९८ च्या सुमारास दिसून आले.

आणखी एक हिशेब आहे. ही हत्यारे झाड फुकट बनवत नाही. पाने-फळे वाढवणारे अन्नच त्यासाठी खर्ची पडते. म्हणून तर झाड ती गरज पडेल तेव्हाच बाहेर काढते.

तेव्हा "प्रतिकारशक्ती वाढवणारी" बाटली कोणी दाखवली, तर विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: कोणत्या शत्रूविरुद्ध? आणि कशाच्या मोबदल्यात?