जीर्णोद्धार कीं अव्यवस्था?

एखादा संघ हरूं लागला म्हणजे त्याचे चालक एक ठराविक वाक्य उच्चारतात : ‘संघाची पुनर्रचना चालू आहे, थोडा धीर धरा.’ प्रसंगीं तें खरेंही असतें. परंतु पडक्या देवळाचा जीर्णोद्धार आणि पडक्या भिंतीस फासलेला चुना हीं दोन्ही लांबून सारखींच पांढरीं दिसतात. भेद ओळखावा कसा? आपल्या हॉकी संघाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

१९२८ पासून १९५६ पर्यंत झालेल्या सहाही ऑलिंपिक स्पर्धांत हॉकीचें सुवर्णपदक आपलेंच. पुढें १९६४ व १९८० सालीं आणखी दोन मिळालीं. मध्यंतरीं १९७६ सालीं माँट्रिअल येथें ही स्पर्धा प्रथमच कृत्रिम गवतावर झाली आणि आपला संघ सातवा आला. तेव्हांपासून पराभवाचें खापर त्या गवताच्या माथीं फुटत आलें. ही सबब अगदींच खोटी नव्हे; मातीवर वाढलेल्या मुलांस संवय व्हावी इतकीं तशीं मैदानें देशांत नव्हतीं. पण आपल्यासारखाच खेळ खेळणाऱ्या पाकिस्तानानें १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें त्याच गवतावर सुवर्णपदक मिळविलें, हें विसरून कसें चालेल?

आमच्या मतें दोष मैदानाहून कचेरींत अधिक होता. पुण्याजवळील खडकीचे धनराज पिल्ले यांच्या नायकत्वाखालीं १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत बत्तीस वर्षांनीं सुवर्णपदक मिळालें; आणि लागलीच धनराजांसह कांहीं जाणत्या खेळाडूंस वगळण्यांत आलें. जिंकलेला संघ मोडणें यास पुनर्रचना म्हणावें काय? २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकला आपण पात्रच ठरलों नाहीं. त्याच वर्षीं लांचेच्या आरोपानंतर जुना महासंघ निलंबित झाला. पुढें २००९ ते २०१५ या अवधींत ब्रासा, नॉब्ज, वॉल्श व व्हॅन आस असे चार परदेशी प्रशिक्षक आले आणि गेले. त्यांतच २०१२ सालीं लंडन येथें सर्व सामने हरून आपण शेवटचे, बारावे, आलों. वर्षांतून तीनदां मास्तर बदललेला वर्ग परीक्षेंत कसा उतरतो, हें आम्हीं शाळेंत पुष्कळ पाहिलें आहे.

खरी बांधणी खालून झाली. २०१६ सालीं लखनौ येथें हरेंद्रसिंग यांच्या हाताखालीं आपल्या कुमारसंघानें जागतिक करंडक जिंकला. त्यांतील हरमनप्रीतसिंग, सिमरनजीतसिंग, गुरजंतसिंग इत्यादि मुलें वरिष्ठ संघांतही एकमेकांच्या सोबतीनें खेळलीं. वरचे प्रशिक्षक आणखी कांहीं काळ बदलतच होते. तथापि २०१८ सालीं ओडिशा सरकारचा आश्रय लाभला, आणि २०१९ सालीं आलेल्या ग्रॅहम रीड यांस टोकियोपर्यंत सवड मिळाली. तेथें २०२१ सालीं जर्मनीस ५-४ असें हरवून ४१ वर्षांनीं पदक आलें. त्यांतील दोन गोल सिमरनजीतचे. २०२३ च्या जागतिक करंडकांत अपयश आलें, रीड यांनीं राजीनामा दिला, परंतु संघ मोडला नाहीं. २०२४ सालीं पॅरिस येथें स्पेनवर २-१ अशी मात करून पुन्हां कांस्यपदक मिळालें. दोन्ही गोल हरमनप्रीतचे.

तेव्हां ‘पुनर्रचना’ म्हणणारांस दोनच प्रश्न विचारावेत. आज घेतलेल्या मुलांस चार वर्षें एकत्र राहूं देणार काय? आणि अपयशाचा जाब खुर्चीवरील मंडळी स्वतः देणार, कीं दर वेळीं एका प्रशिक्षकास घरीं धाडणार? खेळाडूच्या उमेदीचीं वर्षें दहा-बारा. अव्यवस्थेंत गेलेलीं त्यास कोणी परत देत नाहीं. धीर धरा म्हणणारांनीं आधीं पाया दाखवावा. मग आपण खुशाल धीर धरूं.