पुंगळी काढल्यावर काय होते?

‘पुंगळी काढलेल्या दुचाकींवर कारवाई’ ही बातमी सातारा-सांगलीकडच्या वाचकांना नवी नाही. सोबतचे छायाचित्रही ओळखीचे असते: जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडलेले आणि त्यांवरून फिरणारा रोडरोलर. बातमीत गाड्यांची संख्या असते, दंडाची रक्कम असते. पुंगळी म्हणजे नेमके काय आणि ती काढल्याने गाडीचे काय होते, हे मात्र नसते. गॅरेजमध्ये विचारले तर उत्तर ठरलेले आहे: ‘गाडी मोकळी होते, पिकअप वाढतो.’ या उत्तरात थोडे तथ्य आहे. पण ते दुसऱ्या काळातल्या, दुसऱ्या जातीच्या इंजिनाचे आहे. ते आजच्या गाडीला कसे चिकटले, याचा हा शोध.

पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या शेपटाकडून आत बसवलेली, भोके पाडलेली नळी. येझदी आणि आरएक्स १०० या गाड्यांत ती एका स्क्रूने धरलेली असे. स्क्रू काढला की पक्कडीने ओढून बाहेर येई. कंपनीने ही सोय आवाज वाढवण्यासाठी केलेली नव्हती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, आणि अर्धवट जळलेल्या ऑइलची काजळी सायलेन्सरात साचते. काही हजार किलोमीटरनंतर पुंगळीची भोके बुजत, धूर बाहेर पडायला वाट उरत नसे आणि चढावर गाडी मान टाकत असे. म्हणून पुंगळी काढायची, जाळून किंवा कॉस्टिक सोड्यात बुडवून साफ करायची आणि परत बसवायची, हा देखभालीचा भाग होता.

त्या काळी या भागात टू-स्ट्रोकचेच राज्य होते. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली स्थापन झाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होऊ लागली. म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी होतीच. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली, आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तिचे वेड अजून ओसरलेले नाही. या सगळ्या गाड्यांचे सायलेन्सर चोंदत. चोंदलेली पुंगळी काढून गाडी चालवून पाहिली की ती खरोखरच हलकी वाटे. काहींनी मग ती परत बसवलीच नाही. ‘पुंगळी काढली की गाडी पळते’ हा समज तिथून निघाला असावा, असा माझा तर्क आहे. प्रत्यक्षात फरक पडे तो काजळी गेल्यामुळे, पण श्रेय मिळाले नळी काढण्याला.

गंमत अशी की टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरची फारशी मोडतोड करणे हेच सर्वात घातक. या इंजिनाला धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नसतो, सिलिंडरच्या भिंतीलाच खिडकी असते. जळलेला वायू त्या खिडकीतून बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते, आणि त्यातले थोडे त्याच वाटेने निसटते. ते परत आत ढकलायचे कोणी? हे काम सायलेन्सर करतो. खिडकी उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी रुंदावते तिथून ती ओढ बनून परतते आणि सिलिंडर उपसायला मदत करते. पुढे नळी निमुळती होते तिथून दाब बनून परतते आणि निसटलेले मिश्रण आत लोटते.

ढोबळ हिशेब करून पाहू. ७५०० आरपीएमला इंजिनाचे सेकंदाला १२५ फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद. खिडकी साधारण अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद उघडी धरा. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. तेवढ्या वेळात लाट दोन मीटर जाते. एक मीटर जायला, एक मीटर यायला. म्हणजे लाट परतवणारा निमुळता भाग इंजिनापासून मीटरभराच्या आसपास हवा. आरएक्सच्या शेजारी टेप धरून उभे राहा, सायलेन्सरची लांबी काय सांगते ते दिसेल.

हे गणित पुरते वश केले ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने. १९६१ मध्ये त्याचे १२५ सीसीचे रेसिंग इंजिन २५ अश्वशक्ती देत होते. आपली आरएक्स १०० चौथाई शतकानंतर ११ देत होती. त्याच वर्षी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेला गेला आणि सुझुकीला मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीवरून त्याने ५० सीसीचे जगज्जेतेपद जिंकले. शीतयुद्धात पळवण्याजोगे जे गुपित होते, ते आपल्याकडे पोकळ करून भंगारात घालतात.

आता आजच्या गाडीकडे वळू. बुलेट असो वा दीडशे सीसीची कोणतीही मोटारसायकल, इंजिन फोर-स्ट्रोक आहे. यात ऑइल पेट्रोलबरोबर जाळायचे नसते, त्यामुळे धडधाकट इंजिनाचा सायलेन्सर काजळीने चोंदत नाही. मोकळे करण्यासारखे आत काही साचलेलेच नसते. दाबाच्या लाटांचा खेळ इथेही असतो, पण तो मुख्यतः बेंड पाइपची लांबी आणि जाडी यांवर ठरतो. मागचा डबा बदलून पूर्ण थ्रॉटलवर, वरच्या आरपीएमला थोडा फायदा होऊ शकतो. शहरात गाडी चालते ती खालच्या आणि मधल्या आरपीएमवर, आणि तिथे ओढ बहुधा कमीच होते. कानाला मोठा आवाज लागला की मनाला वेग वाढल्यासारखे वाटते, ते वेगळे.

कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक भानगड होते. धुराची वाट मोकळी झाली की हवा जास्त ओढली जाऊन मिश्रण पातळ होते, इंजिन तापते. जाणकार मेकॅनिक म्हणून आधी मोठा जेट टाकतो. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो आणि धुराच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल ते निष्प्रभ करतात. बाजारातल्या पूर्ण सिस्टीममध्ये बहुधा कन्व्हर्टर नसतोच, आणि सेन्सरला जागा नसेल तर डॅशबोर्डवरचा दिवा पेटून राहतो. नुसता मागचा डबा बदलला, पण सेन्सरच्या पुढे-मागे गॅस्केट नीट बसले नाही, तरी फटीतून हवा शिरते; सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि इंजिन विनाकारण जास्त पेट्रोल पिते. पाचपन्नास रुपयांच्या गॅस्केटसाठी ॲव्हरेज घालवलेली गाडी कुठल्याही गॅरेजात भेटेल.

बुलेटचे ‘फटाके’ हा वेगळाच प्रकार. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करायची. ठिणगी थांबते, पण इंजिन फिरतच असते, आणि न जळलेले मिश्रण तापलेल्या सायलेन्सरात जमते. चावी पुन्हा सुरू केली की त्याचा तिथेच भडका उडतो. हा स्फोट सिलिंडरच्या बाहेर होतो. त्याने चाकाला काडीची ताकद मिळत नाही. मिळतो तो फुटका सायलेन्सर, आणि बीएस-६ गाडी असेल तर कन्व्हर्टरचे वाटोळे.

तरीही बुलेटचा आवाज लोकांना का आवडतो, हे समजून घ्यायला हवे. एक सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा धडकते. उभ्या गाडीचे इंजिन हजार आरपीएमवर असेल तर सेकंदाला आठ ठोके. सेकंदाला वीसच्या आतले ठोके कानाला सुटे ऐकू येतात, त्यापुढे ते मिसळून सूर होतो. बुलेटची डुगडुग या रेषेच्या अलीकडे असते, म्हणून तिला ताल आहे. तो ताल कंपनीच्या सायलेन्सरमधूनही येतो. बाजारात पंजाब, इंदोरी, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार अशा नावांनी जे मिळते, त्यात आवाजाचा पोत बदलतो, आणि त्याहून जास्त त्याची पातळी. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर पोकळीतल्या हवेचाच विचार करतो. सायलेन्सर करणाराही हवेचाच करतो, फक्त उलट हेतूने. भोपळा जे वाढवतो ते सायलेन्सरच्या खोल्यांनी एकमेकांत जिरवायचे असते. खोल्या काढल्या की उरतो नुसता पत्र्याचा नळा.

खालच्या पट्टीचा आवाज भिंतींना जुमानत नाही. त्यामुळे खिडक्या लावूनही बुलेट घरात ऐकू येते. साताऱ्याचा जुना बोगदा किंवा पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर अशा बंदिस्त जागी तर आवाज भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा परततो. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात याची किंमत कोण मोजते, हे सांगायला नको. कायद्याने दवाखान्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरवता येते आणि तिथली रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. डेसिबलचे माप फसवे असते: दहा वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट.

विक्रेते सांगतात, ‘आरसी बुकात सायलेन्सरचा उल्लेख कुठे आहे?’ तो नसतो, हे खरे. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो आणि आवाजाची मर्यादा पाळायला सांगतो. १ जानेवारी २००३ पासून नव्या दुचाकीसाठी ती ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचे मानक मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय तीन महिने लायसन्स जाते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ(४) मध्ये गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. डब्यावर परदेशी मान्यतेचा शिक्का असला तरी चौकात तो पुरत नाही.

अडचण मोजणीत आहे. ही मर्यादा चाचणीच्या मोकळ्या पट्ट्यावरची आहे: गाडी वेग घेत पुढून जाते आणि मायक्रोफोन साडेसात मीटरवर असतो. चौकात हे शक्य नाही. तिथे निवाडा कानाने आणि डोळ्याने होतो. त्यामुळे जाळी शाबूत असलेला, माफक आवाजाचा बाहेरचा डबा पकडला जातो आणि कंपनीचाच, पण आतून सडून फाटलेला सायलेन्सर सहज सुटतो. नियम १२० मात्र दोघांनाही सारखाच लागू आहे.

सडण्याचे कारण साधे आहे. पेट्रोल जळले की पाणी तयार होते. घर ते बाजारपेठ एवढ्याच फेऱ्या असल्या तर डबा पुरता तापत नाही, ते पाणी आत राहते आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून बऱ्याच सायलेन्सरना खालच्या बाजूला टाचणीएवढे भोक दिलेले असते. त्यातून पाण्याचे थेंब गळताना दिसले की काही जण ते वेल्डिंगने बुजवून घेतात. ते उघडेच ठेवायचे असते.